ट्यूब न देणारा माणूस

"ही ट्यूब मी देणार नाही," औषधाच्या दुकानातला काउंटरमागचा माणूस म्हणाला.

मी सकाळपासून उघड्या तलावावर पोरांना पोहायला शिकवून आले होते. खांद्यांत गोळे, डोळ्यांत क्लोरीन आणि चेहऱ्याची नुसती आग. भांडायचंही त्राण नव्हतं.

"संपलीय का?"

"आहे. पण यात स्टेरॉइड आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही."

"मी वर्षानुवर्षं लावतेय. आधीचे काका न विचारता द्यायचे."

"ते दिसतंच आहे," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. "म्हणजे... कातडी पातळ झालीय. गालांवर शिरा दिसतायत. उन्हात चुरचुरतं ना?"

चुरचुरायचं. पहिली ट्यूब ताईने आणून दिली होती, मी कॉलेजात असताना. 'जरा उजळशील' म्हणाली होती, तेही प्रेमाने. उजळले थोडी. मग कपाळावर तपकिरी चट्टे आले, आणि ते घालवायला आणखी ट्यूब.

"उन्हाचा काय संबंध? काळ्या माणसाला ऊन काय करणार?"

त्याने हात काउंटरवर ठेवला. माझ्यापेक्षाही काळा. बाही जरा वर सरकवली, तर आतला रंग बराच उजळ. "मलाही असंच वाटायचं. भाजतो आपण उशिरा, पण डाग आपल्यालाच जास्त पडतात. समोर त्वचेच्या डॉक्टर बसतात. रागावतात, पण चांगल्या आहेत."

त्या रागावल्याच. ट्यूब हळूहळू बंद करायला लावली आणि उन्हाचं क्रीम दिलं. दुसऱ्याच दिवशी तलावावरची एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तुम्ही पिठाच्या डब्यात पडलात?"

मी तशीच दुकानात गेले. "हे बघा. भूत दिसतेय मी."

तो हसला नाही. म्हणजे, फारसा नाही. त्याने नमुन्याच्या ट्यूबा काढल्या, स्वतःच्या मनगटावर एकेक ठिपका लावून चोळत बसला. पांढरा, राखाडी, जांभळट... शेवटचं तपकिरी क्रीम मात्र त्वचेत विरून गेलं.

"हे आपल्या रंगाला जमतंय," तो म्हणाला.

आपल्या. तो शब्द मी नंतर घरापर्यंत नेला.

"पाण्यातून आलात की पुन्हा लावायचं," त्याने बजावलं.

"आठवण कोण करणार? तुम्ही?"

"केली असती. पण... मला पोहता येत नाही."

"मग शिका की."

सुट्टीच्या दिवशी तो खरंच आला. उथळ पाण्यात कठडा धरून असा उभा राहिला, जणू बसची वाट बघतोय. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा हसले. दमून काठावर बसला, तेव्हा त्याच्या पायाच्या अंगठ्याकडे माझं लक्ष गेलं. नखात उभी काळी रेघ होती.

"हे काय?"

"काही नाही. आपल्यासारख्यांच्या नखांवर असतात अशा रेघा. बहुतेक निरुपद्रवी."

"आधीपासून आहे?"

त्याने अंगठा पाण्यात बुडवला. "नाही. हल्ली... रुंद होतेय थोडी."

"आणि डॉक्टर?"

"वेळच मिळत नाही."

"त्यांना दाखवल्याशिवाय मी शिकवणार नाही."

"मला नाही म्हणताय?"

"तुमच्याकडूनच शिकले."

डॉक्टरांनी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. वाट बघायचे दिवस सुरू झाले. तलावावरून सुटले की मी दुकानात जायचे. तो स्टूल पुढे सरकवायचा. गिऱ्हाईक आलं की उठायचा, गेलं की शेजारी येऊन उभा राहायचा. दोघंही दमलेले असायचो.

एका संध्याकाळी खोकी लावता लावता तो थांबला. "बाबांच्या वेळी अशीच रिपोर्टची वाट बघितली होती. तो आला आणि बाबा... मला वेळ नव्हता हे खोटं होतं. धीर नव्हता."

मी माझा हात त्याच्या हाताशेजारी ठेवला. त्याने करंगळी हलवली. एवढंच. पण खोकी तशीच राहिली.

रिपोर्टच्या दिवशी मी सोबत गेले. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला. धोक्याचं काही नव्हतं. अधूनमधून दाखवत राहायचं. दार ओलांडेपर्यंत तो ताठ चालला, मग जिन्यावर मटकन बसला.

"सुटलो," तो म्हणाला.

मीही बसले.

"एक विचारू? इतका थकलोय की सजवून विचारता येणार नाही."

"सजवलेलं मलाही कळणार नाही आज."

"अशीच दमून... रोज माझ्याकडे येशील? दुकानात नाही. घरी. कायमची."

मी विचारलं, "स्वयंपाक येतो तुला?"

"येतो. करपतो."

"चालेल," मी म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

खालून फरशी पुसत एक मावशी वर आल्या. "उठा बरं, जिना पुसायचाय."

आम्ही दोघांनी फक्त पाय वर उचलले. मावशींनी एकवार आमच्याकडे बघितलं, पायांखालून फडकं फिरवलं आणि वरच्या पायऱ्यांना लागल्या.