उलट्या दुर्बिणीतलं तळं

झरीकडच्या जंगलातले नाले आणि तळी नकाशावर चढवायला आम्ही दोघंच होतो. मी दुर्बिणीशी, देवसिंग पलीकडे आकड्यांची पट्टी धरून. नवं यंत्र बिघडलं, म्हणून ऑफिसनं माळ्यावरचं जुनं काढून दिलं. त्यातून सगळंच उलटं दिसतं. झाड असो की माणूस, खाली डोकं वर पाय. दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते.

फेब्रुवारीत सागाची पानं गळतात. देवसिंग तळ्याला वळसा घालून येताना त्याच्या पायाखालची करकर लांबून ऐकू यायची. खरं सांगतो, त्या आवाजावर मी दिवस काढत होतो. बायको गेल्यापासून माझ्याशी चार शब्द बोलणारा तो एकटाच.

भुताखेतांच्या गोष्टी मी हसण्यावारी नेतो. पण सोमवारी, शेवटच्या तळ्यावर, दुर्बिणीत देवसिंगच्या शेजारी एक बाई दिसली. देवसिंग उलटा, मागचा साग उलटा, बाई मात्र सरळ. मी दुर्बीण सोडून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. काठावर देवसिंग एकटाच होता. भिंग पुसून पुन्हा डोळा लावला, तर बाई त्याच्याकडे जराशी सरकली होती.

"तुझ्याजवळ कोण आहे रे?" मी ओरडलो.

"कोणी नाई साहेब! पण इथं लय गार लागून राह्यलं!"

संध्याकाळी चहा घेताना तो म्हणाला, "मले घरी जाऊ द्या साहेब. अंजू वाट पाहून राह्यली. अन् त्या काठावर मले नका पाठवू."

अंजू त्याची मुलगी. एकच आकडा राहिला होता, तोही अंदाजानं टाकता आला असता. पण तो गेला की तंबूत मी एकटा.

"उद्या तेवढा एक घेऊ, मग जा," मी म्हणालो. लाज वाटली, तरी म्हणालोच.

सकाळी तो पाचोळा तुडवत पलीकडे गेला. पट्टी उभी केली. मी डोळा लावला.

साग उलटा होता.

बाई नव्हती.

देवसिंग सरळ उभा होता.

"परत ये!" मी ओरडलो. "राहू दे तो आकडा!"

तो निघाला. घोटाभर पाचोळ्यातून चालत माझ्यापर्यंत आला. पायाखालची करकर मला ऐकूच आली नाही.

"आजच घरी जा. अंजू वाट पाहतेय," मी कसंबसं म्हणालो.

त्यानं पट्टी तंबूला टेकवली आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

"कायले साहेब?" तो म्हणाला. "आता तुमच्यापाशीच राह्यतो."