जिथे आवाज स्वच्छ येईल

भुताच्या गोष्टी मी आवडीने वाचते, पण सांगायच्या भानगडीत पडत नाही. ही सांगते आहे, कारण ती ऐकीव नाही. ज्या तिघींच्या बाबतीत हे घडलं त्यातली एक मी. दुसरी माझी सख्खी ताई. आणि तिसरी आत्ता पलीकडच्या खोलीत खिडकीशी बसली आहे. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. मला फक्त मोकळं व्हायचं आहे.

रात्र नव्हती, हे आधीच सांगते.

गेल्या वर्षीची, थंडी सरतानाची एक दुपार. उन्हं कलायला लागली होती, आणि आम्ही जुन्या बंदराच्या चौकात उभ्या होतो.

ताई गाइड आहे. तटाच्या आतलं जुनं शहर ती पाहुण्यांना पायी फिरवून दाखवते. जकातीची इमारत, दोरखंडवाल्यांची गल्ली, बुरूज, आणि शेवटी पाणदरवाजा. पूर्वी जहाजांतला माल होड्यांतून थेट त्या दरवाजात उतरायचा. तिथल्या पायऱ्या अजूनही सरळ समुद्रात जातात.

गाइड पुढे, मागे घोळका, आणि सगळ्यांत शेवटी ‘शेपूट’. म्हणजे कुणी मागे राहू नये म्हणून शेवटी चालणारं माणूस. ताईच्या नेहमीच्या शेपटीला ताप आला होता. मी औषधांच्या दुकानात काम करते. अर्धी सुट्टी टाकून मी शेपूट झाले.

आणि त्याच दिवशी आईने हट्ट धरला.

“लेक साऱ्या जगाला शहर दाखवते. मला एकदा तरी दाखव की!”

आईला ऐकू कमी येतं. कमी म्हणजे फारच कमी. घरात आम्ही तिच्याशी ओरडूनच बोलतो. “आई, जेवायला चल” हे वाक्यही भांडल्यासारखं म्हणावं लागतं. वर्षानुवर्षं ओरडून बोललं की आवाजातली माया गळून जाते. आम्हाला ते कळत नव्हतं. तिला कळत असणार.

ताईच्या फेरीत प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटी डबी असते आणि कानात तिचं बोंडूक. ताईच्या कॉलरला माइक. ती हळू बोलली तरी सगळ्यांना कानाशी बोलल्यासारखं ऐकू येतं. ताईने आईच्या कानात बोंडूक बसवलं.

आई म्हणाली, “लेकीने कानातलं दिलं, तेही प्लास्टिकचं! सोन्याचं कधी देणार?”

सगळा घोळका हसला.

ताई चौकाच्या दुसऱ्या टोकाला गेली. आमच्याकडे पाठ करून, अगदी हळू म्हणाली, “आई... ऐकू येतंय?”

आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कुणी बंद खोलीची खिडकी उघडावी तसा तो झाला.

“अगं... किती गोड बोलतेस तू!”

ताई वळली नाही. तिने नाक पुसलं, छत्री उंच धरली आणि नेहमीची सूचना दिली. ती सूचना नीट ऐका. पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

“मंडळी, गल्ल्या अरुंद आहेत, भिंती जाड आहेत. मध्येच माझा आवाज तुटेल. घाबरायचं नाही. जिथे आवाज स्वच्छ येईल, तिकडे चालायचं. मी तिथेच असेन.”

*

सुरुवातीची फेरी मजेत झाली. घोळक्यात एक टोपीवाले काका होते. प्रत्येक इमारतीपाशी, “आमच्याकडे याहून मोठी आहे.” एक नवं जोडपं होतं, त्यांना इमारती दिसतच नव्हत्या. बाकी चारसहा जण. आणि आई, सगळ्यांच्या पुढे, ताईच्या अगदी पाठीशी. ताईला तोंड भरून “हो का? अय्या!” करत होती.

“बाई, तुमच्या मातोश्री फार छान ऐकतात,” काका म्हणाले.

“आज ऐकतात,” ताई म्हणाली. “एरवी आमचं काही ऐकत नाहीत.”

दोरखंडवाल्यांच्या गल्लीत शिरलो, आणि समुद्राकडून धुकं आलं.

आमच्याकडे धुकं नवीन नाही. पण हे खाली बसून आलं. गुडघ्यांपर्यंत आधी, मग कमरेपर्यंत, मग हळूहळू समोरच्या माणसाच्या पाठीपर्यंत. दूर बंदरावरचा भोंगा वाजायला लागला. एक लांब हंबरडा. मग शांतता. मग पुन्हा.

गल्लीच्या शेवटी एक झाकलेला बोळ आहे. वरून घरं, खालून वाट. त्यात ताईचा आवाज तुटायला लागला. खर्र... खर्र... “इथले दगड...” खर्र...

आणि मग एकदम स्वच्छ आला.

“सावकाश... पायरी ओली आहे.”

मी पाय जपून टाकला.

पायरी नव्हती. त्या बोळात पायरीच नाही.

चुकून म्हणाली असेल, असं मला वाटलं. मी घोळका पुढे ढकलत राहिले. बोळ संपला आणि आम्ही पाणदरवाजाअलीकडच्या अंगणात आलो. फरसबंदी अंगण, तिन्ही बाजूंना भिंती, एका कोपऱ्यात दगडी बाक.

ताई बाकाशी उभी होती. माइकचं बटण तिने बंद केलं होतं. बोलून बोलून घसा बसतो, म्हणून ती तिथे नेहमी थांबून गरम पाणी पिते. थर्मासचं झाकण तिच्या ओठांना लागलेलं होतं.

माझ्या कानात ती बोलत होती.

“आता डावीकडे या, मंडळी... धुकं आहे, पण वाट आहे... या...”

मी ताईकडे पाहिलं.

तिचा घोट घशातून खाली जाताना मला दिसला.

“...या. मी इथेच आहे.”

तोच आवाज. तोच, शब्दाच्या शेवटी थोडा बसणारा. तीच “मंडळी” म्हणायची लकब. फक्त त्यात एक गोष्ट जास्त होती... त्या आवाजामागे पाणी होतं. भांड्यात हलतं तसं, अगदी जवळ.

आणि सगळा घोळका ताईकडे पाठ करून चालू लागला.

“अहो!” ताई ओरडली. “अहो, इकडे! तिकडे कुठे?”

कुणी वळलं नाही. कानाशी कुणी बोलत असताना लांबून कोण काय म्हणतंय, हे कुणाला ऐकू येतं?

मी धावले. काकांच्या कानातलं बोंडूक उपटलं.

“अहो, काय करता! बाईंनीच तर तिकडे बोलावलं.”

“बाई तिथे उभ्या आहेत, काका. बाकाशी. बघा.”

त्यांनी बघितलं. ताई खरंच तिथे होती, एका हातात थर्मास, एका हातात छत्री. काकांनी टोपी काढली. ती पुन्हा घालायचंही त्यांना सुचलं नाही.

नव्या जोडप्यातली मुलगी हसत होती. “अहो, इथे फोटो...” म्हणत ती वळली, आणि ताईला पाहून तिचं हसू तिथेच राहिलं. मी एकेकाच्या कानातली बोंडकं काढत गेले. ताई एकेकाचा हात धरून सगळ्यांना बाकाशी आणत होती.

सगळे आले.

“आई कुठे आहे?” ताईने विचारलं.

अंगणात धुकं होतं आणि भोंगा होता. आई नव्हती.

ताईने हाक मारली. घरात मारतो तशी, जीव खाऊन. “आ...ई!”

काय उपयोग? जिला शेजारून ऐकू येत नाही, तिला धुक्यातून काय ऐकू येणार? तिच्या कानात बोंडूक होतं. आणि त्यात जी बोलत होती, ती आम्ही नव्हतो.

तेव्हा मला एकच सुचलं.

मी माझं बोंडूक पुन्हा कानात घातलं.

“तू इथेच थांब, यांना सोडू नकोस,” मी ताईला म्हटलं. आणि ताईची सूचना पाळायला लागले. जिथे आवाज स्वच्छ येईल, तिकडे.

उजवीकडे खरखर. दोन पावलं मागे... खरखर. डावीकडे...

“...इकडे, आई.”

स्वच्छ.

भिंत चाचपत मी चालले. भिंत संपली. पाणदरवाजाची लोखंडी जाळी हाताला लागली. अर्धी उघडी होती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी आत शिरले. खाली पायऱ्या, त्यावर शेवाळ. दर पायरीगणिक आवाज जवळ येत होता. इतका, की तिचा श्वास माझ्या गालाला लागतोय असं वाटलं.

“सावकाश, आई. घाई नाही... मी किती दिवस वाट बघते आहे.”

आणि मग ती गुणगुणली. माझी ताई जन्मात कधी गायली नाही.

*पाण्याखाली घर माझं, दारी दिवा लावलेला...*
*ये गं माये, हात माझा तुझ्यासाठी थांबलेला...*

आई शेवटच्या कोरड्या पायरीच्याही खाली उभी होती. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत. साडीचा काठ पाण्यावर पसरलेला. उजवा हात पुढे. हात धरून नेणाऱ्या माणसाला द्यावा तसा.

पुढे कुणी नव्हतं. नुसतं करडं पाणी.

मी तिचा डावा हात धरून ओढला.

ती आली नाही.

मी पुन्हा ओढलं. आई अंगाने काडी आहे हो. मी तिला एका हाताने उचलते. तरी ती जागची हलेना. जणू दुसऱ्या बाजूने कुणी तितक्याच मायेने तिला धरलं होतं.

“आई! अगं आई!” मी ओरडले. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठी.

मी तिच्या कानातलं बोंडूक उपटून पाण्यात फेकलं.

क्षणभर काहीच नाही. भोंगासुद्धा नाही.

मग पलीकडून धरलेला तो हात सुटला. मी म्हणते सुटला, कारण मला ते जाणवलं. आम्ही दोघी पायऱ्यांवर धाडकन मागे पडलो.

*

आईला फक्त गुडघ्याला खरचटलं. पण तिचा उजवा हात मनगटापर्यंत बर्फासारखा पडला होता. ताईने रात्रभर तो आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ताई ऑफिसात गेली. तिचे सोबती गाइड म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या माइकचा आवाज तुझ्या डब्यांत शिरला असेल. होतं असं कधीकधी. ताईने विचारलं, काल धुक्यात दुसरी फेरी कुणाची होती?

कुणाचीच नव्हती.

मग ती पाणदरवाजावर गेली. जाळी आता तरी बंद करा, म्हणून पहारेकऱ्याला झापायला. तो बिचारा गोंधळला.

“बाई, बंद करायला उघडी असावी लागते ना? तुम्हीच बघा.”

कुलूप गंजून जाळीशी एकजीव झालं होतं. बिजागऱ्याही. ताईने दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. गंजाचा एक पापुद्रा तेवढा पडला.

मी त्या जाळीतून आत गेले होते. आईला घेऊन बाहेर आले होते. काकांनी आणि त्या जोडप्याने आम्हाला येताना पाहिलं आहे. याहून जास्त मला काही सांगता येत नाही.

ताईने त्या डब्या सोडल्या. ती आता उघड्या घशाने बोलते, लहान घोळके घेते आणि पाणदरवाजा लांबूनच दाखवते.

आईशी या विषयावर बोलायला आम्ही घाबरत होतो. शेवटी एकदा, तिचे पाय चेपताना, मीच तोंड तिच्या कानाशी नेऊन विचारलं.

“आई, तुला वाटलं ना ती ताई आहे म्हणून?”

आईने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

“छे! मला माझी लेक कळत नाही का? पहिल्या हाकेलाच कळलं, ही आपली नव्हे.”

माझे हात थांबले.

“मग गेलीस कशाला?”

तिने आपल्या उजव्या तळव्याकडे बघितलं.

“‘आई’ म्हणाली गं ती मला. इतकं हळू.”

त्या दिवसापासून घरात कुणी ओरडत नाही. आम्ही दोघी तिच्या कानाशी जातो, हळू बोलतो, आणि बरंचसं तिला कळतं. आधीच हे का केलं नाही, असं आता फार वाटतं. ती हसते, मान डोलावते. आमचं बोलणं तिला आवडतं, यात शंका नाही.

पण तिची खुर्ची तिने स्वतःच खिडकीशी सरकवली आहे. समुद्राच्या बाजूच्या. धुकं आलं की तिथून उठत नाही.

आज सकाळी धुकं होतं. चहा घेऊन मी तिच्याजवळ गेले, खाली वाकले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, जमेल तितक्या मायेने म्हटलं, “आई, चहा.”

तिने माझ्याकडे न बघता हात वर केला. रागाने नव्हे. दोन माणसं बोलत असताना मध्ये तिसरं आलं की करतो ना, तसा.

“थांब हं जरा,” ती हळूच म्हणाली. “तिचं होऊ दे.”