वाफेच्या व्हॉल्व्हपाशी कोण होतं?

खरं-खोटं तुम्ही ठरवा. मी ऐकलं तेवढंच सांगतोय. आणि यात माझी स्वतःची चूक आहे, तीही लपवणार नाही.

मी प्रताप. बोईसरच्या एमआयडीसीत पॅनलच्या वायरिंगची कामं करतो.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. शुक्रवार, म्हणजे आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी. दुपारचे तीन वाजले होते. वर्षभर बंद पडलेला एक केमिकल प्लांट दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता.

बंद का पडला होता, तेही सांगतो.

मुरबे गावचे दिनानाथकाका तिथे ऑपरेटर होते. मला पहिलं काम त्यांनीच मिळवून दिलं. एका पहाटे रिअ‍ॅक्टर तापला, म्हणून त्यांनी कंट्रोल रूममधून थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. आत वाफ शिरली. काय झालं ते बघायला काका धावत खाली गेले, आणि झाकण उडालं.

तिसऱ्या दिवशी ते गेले.

चौकशीत लिहिलं, ऑपरेटरने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. तारा कोणी तपासल्याच नाहीत.

त्या शुक्रवारी मी कंट्रोल रूममध्ये एकटाच नवीन आउटपुट कार्ड जोडत होतो. कार्डातून एकेका व्हॉल्व्हला करंट जातो. चार मिलिअँपला व्हॉल्व्ह बंद, वीसला पूर्ण उघडा. जोडणी झाली की एकाने इथून करंट द्यायचा, दुसऱ्याने व्हॉल्व्हपाशी उभं राहून वॉकीटॉकीवर सांगायचं.

माझा जोडीदार धर्मेश यायचा होता. तो थेट खालीच जाणार, असं मी धरून चाललो. थोड्या वेळाने वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"पोचलास?"

खरखर...

"हाय इथंच."

"पाण्याच्या व्हॉल्व्हला बारा देतोय."

मी करंट बारावर नेला.

"अर्धा उघडला. पन पान्याचा नाय... वाफेचा."

"नीट बघ रे!"

"बघितला."

आवाज घोगरा होता. धर्मेशचा नव्हता.

मी करंट चारवर आणला.

"बंद झाला."

मग नुसता श्वास...

"प्रताप, तारा उलट्या हायेत रं."

एवढ्यात दार उघडलं. धर्मेश आत आला, घामाघूम.

"गेटवर पाससाठी अडकलो. माझा वॉकीटॉकीचा सेट द्या ना."

त्याचा सेट माझ्या मागच्या टेबलावर चार्जिंगला होता.

दोघंही खाली गेलो. तिथे कोणीच नव्हतं. जंक्शन बॉक्स उघडला. पाण्याची आणि वाफेची तार खरंच अदलाबदल झालेली. तारांवरच्या नंबरच्या पट्ट्यांवर अक्षर माझं होतं.

अपघाताच्या आदल्याच दिवशी मीच त्या जोडल्या होत्या. घाई होती. चेक न करताच कागदावर सही ठोकली होती.

मॅनेजरला सगळं लिहून दिलं. रविवारी मुरब्याला गेलो. काकांची बायको, नलूकाकी, बोंबील वाळत घालत होती. मी सांगत गेलो. तिचे हात थांबले.

ती ओरडली नाही.

"तीन दिस दवाखान्यात एकच बोलत व्हते," ती म्हणाली. "नलू, मीच चुकलो. आनी मी बी त्यांनाच बोलले... तुमचं ध्यान कुठं व्हतं?"

तिने हातातला बोंबील खाली ठेवला.

"आवाज रागाचा व्हता काय?"

"नाही काकी."

"मना घेऊन चल तिथं."

मॅनेजरच्या हातापाया पडून पुढच्या शुक्रवारी तिला नेलं. तिने सेट दोन्ही हातांनी धरला. बटण मी दाबून दिलं.

"अवो... तुमची चूक नवती. मी उगाच बोलले तुमाला."

तासभर थांबलो.

खरखर... बाकी काही नाही.

शेवटी काकीने पदराने सेट पुसला, माझ्या हातात दिला आणि विचारलं, "आयकलं असंल काय रं त्यांनी?"

मी हो म्हणालो.

पण मला माहीत नाही. आजही माहीत नाही.