डाव्या पंखाची खाच

फ्लॅपची चाकी धावपट्टीकडेच्या गवतात सापडली. तपासनीस बाईंनी ती तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिली.

उतरताना विमानाला सावकाश उडता यावं म्हणून पंखांची मागची कड खाली झुकवतात. तिला फ्लॅप म्हणतात. तो चाक्यांवर, खाचेतून सरकतो. गेल्या आठवड्यात उजवा फ्लॅप झुकला, डावा अडकला आणि छोटं विमान जमिनीजवळ येऊन कलंडलं. आत कॅप्टनची एकुलती एक मुलगी होती, ती वाचली नाही.

ते विमान बापलेकच उडवायचे. देखभाल आप्पा मेकॅनिककडे. आप्पाने ग्रीस लावलं नाही, असं कॅप्टनने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आता आप्पाचा परवाना जाणार होता, कदाचित तुरुंगही. तो विमान ठेवायच्या हँगरबाहेरच्या बाकावर नुसता बसून होता. त्याची बाजू घ्यायला कोणी पुढे आलं नाही. येतं कोण अशा वेळी?

बाईंनी दोन्ही खाचा उघडून पाहिल्या. ग्रीस ताजं होतं. खाचा सगळीकडे गुळगुळीत, फक्त वरच्या टोकाशी खरवडलेल्या; डावी तर फारच खोल.

मग त्या कॅप्टनच्या घरी गेल्या. घर धावपट्टीला लागूनच. कॅप्टनची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांत मुलीचेही कपडे होते. ती रडली नव्हती. आतून सगळं बधिर झालंय, असं तिने स्वतःच सांगितलं.

"मुलगी विमान कसं उतरवायची?"

"सावकाश. आधी इंजिन हळू करायची, मग पंखाची कड खाली यायची. मला जेवणाची पानं घ्यायला वेळ मिळायचा."

"आणि कॅप्टन?"

"ह्यांची घाई. गर्जत यायचे आणि तशा वेगातच सोडायचे ते फ्लॅप. माझी नुसती धावपळ."

तिने पुढची घडी घातली. आपण काय बोललो, हे तिला कळलं नव्हतं.

दुपारी बाईंनी नवराबायकोला हँगरमध्ये बोलावलं.

"ग्रीस नसतं तर खाच टोकापासून टोकापर्यंत झिजली असती. ही फक्त वर झिजलीय. फ्लॅप नुकता बाहेर पडतो, तिथे. म्हणजे त्याच क्षणी त्याच्यावर वाऱ्याचा अफाट जोर यायचा. अमुक वेगाच्या वर फ्लॅप काढायचा नाही, अशी मर्यादा असते. कोणीतरी ती रोज मोडत होतं."

"ती नवीन होती," कॅप्टन म्हणाला.

"त्या दिवशी तिचा वेग मर्यादेच्या आत होता, विमानातल्या यंत्रात नोंद आहे. तिचं काहीच चुकलं नाही. झिजलेल्या खाचेतून चाकी कधीतरी निसटणारच होती, ती वेळ तिच्या वाट्याला आली. आणि ती कशी उतरायची, तुम्ही कसे उतरायचे, हे मला तुमच्याच घरात कळलं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. सकाळी आपल्याच तोंडून काय गेलं, हे तिला आता उमगलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

कॅप्टनचा आवाज सपाट होता. "फ्लॅप खडखडतो, असं तीच म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. ती गेल्यावर खाच पाहिली, तेव्हा कळलं."

"आणि तरी आप्पाचं नाव घेतलंत? चोर सोडून संन्याशाला सुळी?"

त्याने नजर खाचेकडे वळवली.

"तो बाहेर बसलाय," ती म्हणाली. "त्याला तुमच्या तोंडाने सांगा. पोरीने तेवढं तरी मागितलं असतं."

कॅप्टन उठला. दारापर्यंत गेला आणि बायको सोबत येतेय का, म्हणून वळून पाहिलं. ती जागची हलली नाही.