डाव्या हाताची पेटी

ज्याला खोटं वाटतंय त्यानं इथंच थांबावं. मला कुणाला पटवायचं न्हाई. डोळ्यांदेखत झालं ते सांगून राह्यले, बस.

साल त्रेपन्न. जुना जालना. पोळा नुकताच होऊन गेल्ता. दिवेलागणीला दाजी बैलगाडीतून एक पेटी घेऊन आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, नंदाअक्काचे मालक. मच्छिंद्र त्यांचं नाव. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. आम्हा दोघी बहिणींचं सासर एकाच गल्लीत, म्हणून माझा अर्धा दिवस अक्काच्या ओट्यावरच जायचा. दाजींसारखा गरीब माणूस मी पाह्यला न्हाई. बायकोवर कधी आवाज चढवला न्हाई. आमच्या घरी काय चालायचं ते जाऊ द्या.

पेटी हसनाबादच्या झुंबरबाईकडून घेतलेली. तिचा नवरा कापसाच्या जिनिंगात मेकॅनिक होता, तो वारला. सागवानी पेटी, पितळी कोपरे, आत कप्पे. कप्प्यांत पाने, कानशी, हातोड्या. सगळं गंजलेलं.

दाजी रोज सकाळी घासलेटात चिंध्या बुडवून ओट्यावर बसायचे. गंज गेला, हत्यारं चमकायला लागली, पेटीला वार्निश झालं. फक्त लाकडी मुठी त्यांनी बदलल्या न्हाईत. शेजारचे रखमाजी सुतार म्हणाले, मेलेल्या माणसाच्या हत्याराची मूठ बदलायची असते, मी जल्दी करून देतो. दाजी हसले. शिसवी मुठी, एवढ्या हातात बसलेल्या, कशाला फेकायच्या?

मी सहज एक हातोडी उचलली. मुठीवर अंगठ्यानं झिजून खोलगट जागा पडली होती. माझा अंगठा तिथं बसेना.

मंग मी ती डाव्या हातात घेतली...

बराबर बसला.

थोड्याच दिवसांत अक्का मला म्हणाली, आमचे हे डाव्या हातानं हातोडी चालवून राह्यलेत. मी म्हटलं, मुठीच तशा आहेत, सवय झाली असंल.

मंग एका दुपारी मी तिथंच असताना दाजी जेवायला बसले. अक्कानं ताट वाढलं.

दाजींनी डाव्या हातानं भाकरी मोडली.

डाव्या हातानं कालवलं...

डाव्या हातानं घास तोंडात घातला.

आपल्यात असं कुणी जेवतं का? अक्कानं थट्टेनं विचारलं, काय हो, उजवा हात कुणाला देऊन आलात? दाजींनी आपल्या हाताकडं पाह्यलं, आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. उजव्या हातानं डावं मनगट धरून ते खाली ओढायला लागले.

तो हात खाली येईना.

मंग एकदम सुटला...

फाडकन.

अक्काच्या उजव्या गालावर पाच बोटं उठली.

"नंदा, म्या न्हाई मारलं," दाजी रडत रडत म्हणत होते. "आईची आन, म्या न्हाई."

अक्काचा विश्वास बसला. माझाही बसला. नवरा मारतो तेव्हा त्याचं तोंड कसं होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. दाजींचं तसं झालं नव्हतं.

त्यानंतर रोज. पाण्याचा तांब्या द्यायला गेली तरी मार. दाजी स्वतःच तो हात दोरीनं कमरेला बांधून घ्यायचे. गाठ कोण सोडायचं, देव जाणे. अक्काच्या कानातून रक्त आलं. आम्ही मारुतीला गेलो, दर्ग्यात गेलो. खर्चा झाला, फरक बिलकुल पडला न्हाई.

एका दुपारी दाजींच्या दुरुस्तीच्या दुकानातून घणाचा आवाज आला.

थांबला...

परत आला.

तो लोखंडावरचा आवाज नव्हता. मी धावत गेले. दाजींनी डावा हात ऐरणीवर ठेवला होता आणि उजव्या हातानं त्यावर घण घालत होते. ओरडत नव्हते.

"तुझ्या अक्काला सांग," मला पाहून ते म्हणाले. "आता भ्यायचं न्हाई."

दवाखान्यात मनगटापासून हात काढला.

ते तिकडं पडून असताना अक्कानं कुऱ्हाड घेतली. पेटी फोडली. लोखंड आम्ही दोघींनी पडक्या विहिरीत टाकलं, फळ्या आणि मुठी चुलीत घातल्या. वार्निशामुळं जाळ भसाभस उठला. त्याच जाळावर अक्का दाजींच्या डब्याची भाकरी भाजायला बसली. मेल्या मेकॅनिकला शिव्या घालत होती. कितीतरी दिवसांनी ती हसली.

घरात आम्ही दोघीच. मी तिच्या समोर बसल्ते.

फाडकन...

अक्काचं तोंड एका बाजूला फिरलं. भाकरी राखेत पडली. उजव्या गालावर पाच बोटं.

दुसऱ्या दिवशी मी मोटारीनं हसनाबाद गाठलं. झुंबरबाई ओट्यावर लसूण सोलत होती. मी सांगितलं ते सगळं तिनं ऐकून घेतलं. तोंडावर ना लाज, ना दया.

"पुढं विकायची होती ना," ती म्हणाली. "म्या विकली तवा त्याच्या हातातून सुटले. तुम्ही जाळली, व्हय? मंग आता कुठं जाईल तो?"

मी तिला नको नको ते बोलले. ती लसूण सोलत राह्यली.

घरी येऊन मी अक्काला सांगितलं.

"ह्यांना कळू द्यायचं न्हाई," ती म्हणाली. "त्यांचा हात गेलाय."

आणि तिनं कळू दिलं न्हाई. दुकान बंद पडलं, दाजी जिनिंगच्या फाटकावर राखणदार झाले. भेटेल त्याला सांगायचे, हात गेला पण माझी नंदा वाचली. अक्का पदर गालावर ओढून मान हलवायची. दाजी कामावर गेले की मार सुरू व्हायचा. ते घरी आले की कधी दाढ दुखत असायची, कधी दाराची चौकट लागलेली असायची. माझी अक्का खोटं बोलायला शिकली, ती अशी. मला तिचा राग यायचा आणि रडूही यायचं.

एकोणसाठ साली अक्का तापानं गेली.

सवाष्ण गेली. आम्ही बायकांनी न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. ती ओढायची तसाच पदर मी तिच्या गालावरून घट्ट खोचला. मंग शेवटचं कुंकू लावायला दाजींना पुढं बोलावलं. एका हाताचा माणूस. गुडघ्यावर बसले, वाकले, कुंकू लावलं.

पदर सरकला...

दाजींना वाटलं, कुंकूच सांडलं गालावर. ते अंगठ्यानं पुसायला लागले. पुसलं जाईना. परत पुसलं. न्हाऊ घालताना गाल मीच पाह्यला होता. तेव्हा तिथं काही नव्हतं.

"हे कवापासून?" दाजींनी मला विचारलं.

मी पदर परत तिच्या गालावर ओढला.

त्यानंतर हात कसा गेला ते दाजींनी कुणालाच सांगितलं न्हाई. मी त्या दिवसापासून उजवा गाल उशीत दाबून झोपते. नातसून विचारते, आजी, मान अवघडत न्हाई का? अवघडते.