पेल्यावर पेला

"चहात आलं हाय का नुसतंच गरम पाणी?"

गंगोत्रीच्या पार वर, भोजबासाच्या तळावरच्या थंडीत असं आपलं मराठी कानावर पडलं आणि मी वळलेच. लाल कानटोपी... आणि नाकही तितकंच लाल.

"कुठले तुम्ही?"

"भोकरचा. बसवंत. नांदेडला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. तुम्ही?"

"सत्यशीला. लातूरला बायोलॉजी शिकवते."

"म्हंजे दुश्मन पार्टी. आमची पोरं पळवून राहिले तुम्ही."

"पळवत न्हाई. आपल्या पायानं येतात ती."

तो असा काही हसला, की माझा चहा कधी गार झाला कळलंच नाही.

मे महिना, सीईटी नुकतीच संपलेली. दुसऱ्या दिवशी बसवंतसकट आमच्या तुकडीला हिमनदी ओलांडून तपोवनात जायचं होतं. मी इथं का आले, ते कुणाला सांगितलं नव्हतं. लातूरच्या भूकंपाला चौदा वर्षं झाली, तरी मी पत्र्याखालीच झोपते. डोक्यावर स्लॅब आला की छाती धडधडायला लागते. दोन स्थळं याच्यापायी मोडली. मुलगा काय करतो ते राहिलं बाजूला, मी आधी विचारायची — वर स्लॅब हाय का पत्रा? आई कपाळाला हात लावायची. म्हणून ठरवलं, जी जमीन रोज सरकते तिच्यावर एकदा चालून बघायचं. जमलं तर जमलं, नाहीतर जन्मभर पत्रा.

हिमनदी म्हणजे सगळं पांढरंशुभ्र असेल, अशी माझी भाबडी समजूत. इथं तर बर्फावर नुसते दगडच दगड. औशाच्या पलीकडचं आमचं गाव भूकंपाच्या त्या पहाटे असंच दिसत होतं. थोरली बहीण तारामती त्या दगडांखालीच राहिली.

तेवढ्यात खाली बर्फ कडाडला. माझे पाय जागच्या जागी थिजले. तुकडी पुढं थांबली, वाटाड्या हाका मारू लागला. बसवंत एकटाच मागं आला.

"मॅडम, परत फिरायचं का?" आवाजात चेष्टा नव्हती.

मी पिशवीतून स्टीलचे दोन पेले काढले. एक दगडावर पालथा घातला, दुसरा त्याच्यावर ठेवला.

"हे काय?"

"भूकंपानंतर गावात सगळेच उशाशी असं ठेवायचे. जमीन हलली की वरचा पेला पडतो... आवाज होतो... आणि आपण बाहेर पळायचं. मी अजून ठेवते. हसा आता."

तो हसला नाही. हातमोजा काढून शेजारी टेकला आणि हात पुढं केला. मी धरला. तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा ऊबदार होता. दोघं पेल्याकडं बघत बसलो.

पुन्हा खालून धडाका. वरचा पेला खणकन पडला आणि गडगडत फटीत गेला.

चौदा वर्षांची सवय म्हणाली, पळ. मी पळाले नाही. त्याचा हात तेवढा घट्ट धरला.

"पडला की," तो हळूच म्हणाला.

"हाव."

"आन् तुम्ही हितंच."

"हाव..." माझे डोळे भरून आले.

मग तपोवनापर्यंत आम्ही चालतच राहिलो. चढ संपला, कुरण आलं, ऊन पडलं, तरी हात सुटला नव्हता. तिथं बसल्यावर तो बुटाची नाडी उगीच सोडून बांधू लागला.

"एक सांगू? माझी खोली तिसऱ्या मजल्यावर हाय. वर स्लॅब." नाडी ओढत म्हणाला, "सोडतो मी ती. पत्र्याची बघतो."

एवढी सरळ मला आजवर कुणी मागणी घातली नव्हती.

"सोडू नका," मी म्हणाले. "पण पेला आता एकच राहिलाय. जमीन हलली तर मला उठवायचं कुणी?"

त्याची नाडी तशीच अर्धी राहिली.

"मी उठवीन की... सत्यशीला."

मी उरलेला पेला पिशवीतून काढला आणि सुलटा ठेवला. त्यानं थर्मासातला चहा ओतला. आधी मी प्याले, मग तो.