त्र्याहत्तरावा रकाना

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो हातात चहा घेऊन मशीनच्या खोलीत शिरत होता, आणि त्या खोलीच्या दारावर कपावर लाल फुली मारलेलं चित्र तो जन्माला यायच्या आधीपासून लावलेलं होतं.

"चहा बाहेर," ती म्हणाली.

"आणि मी?"

"तुमचं चित्र दारावर नाहीये. या."

तो कप बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून आत आला आणि लगेच शिंकला. मशीनला उकडू नये म्हणून खोलीत बाराही महिने गारठा असायचा. तिच्या अंगावर एकावर एक दोन स्वेटर होते. आतला पिवळा बाहेरच्या निळ्याच्या बाहीतून बोटभर डोकावत होता. त्याने त्या बोटभर पिवळ्याकडे पाहिलं. तिने त्याच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाकडे पाहिलं. हा माणूस तयारीने आलेला नाही, हे तिला आवडलं... आणि आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला. कारण तो कोण आहे हे तिला पक्कं माहीत होतं.

तो बुलडोझर होता.

हे नाव तिनेच ठेवलं होतं, तो येण्याच्या आठवडाभर आधी, जुनं मशीन काढून नवी प्रणाली बसवायला माणूस येतोय हे कळल्यावर. तिलाही ऑफिसात नाव होतं: पुरातत्त्व. हे नोंदणी कार्यालय होतं. शहरातला माणूस जन्मला, त्याने लग्न केलं किंवा तो मेला की इथे यायचं. तिसऱ्या कामाला सहसा नातेवाईक येत. सगळ्यांच्या नोंदी मेनफ्रेमच्या, म्हणजे त्या कपाटाएवढ्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात होत्या. वरचं लोखंड तीनदा बदललं, पण आतले प्रोग्रॅम चाळीस वर्षांपूर्वीचेच, कोबोल नावाच्या भाषेतले. ती भाषा येणारी कार्यालयात ती एकटी उरली होती. वय सत्तावीस.

घरी याचं कौतुक होतंच असं नाही. आत्या प्रत्येक स्थळाला मोठ्या तोंडाने सांगायची, "आमची मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे." मुलगा विचारायचा, कुठल्या? मग ती स्वतःच सांगायची, "फ्रीजसारखा दिसतो. भाषा मेलीय असं म्हणतात, पण तसा दाखला आमच्याकडे आलेला नाही." पुढचा चहा शांततेत व्हायचा.

"मला तुमची सही हवीय," बुलडोझर हात चोळत म्हणाला. "तीन आठवड्यांनी हे मशीन बंद होईल. जुने सगळे नियम नव्या प्रणालीत आले, असं तुम्ही लिहून द्यायचं."

"आले का?"

"सगळे."

"मग सांगा बरं, तुमच्या प्रणालीत मेलेला माणूस परत आला तर काय होतं?"

त्याने थोडा विचार केला. "आमच्याकडे मेलेला माणूस मेलेलाच राहतो."

"आमच्याकडे नाही राहत."

"जगात सर्वसाधारणपणे—"

"जगाचं मला माहीत नाही. या कार्यालयात वर्षाला सरासरी अकरा माणसं परत येतात." तिने एक छापील कागद पुढे सरकवला. त्यावर प्रोग्रॅमचा एक परिच्छेद होता. नाव होतं 'परत-आला'. "बुडाला, हरवला, सापडला नाही म्हणून मृत लिहिलेली माणसं. एक दिवस खिडकीशी येऊन उभी राहतात. हा परिच्छेद त्यांना जिवंत करतो. तुमच्यात तो रस्ताच नाहीये. तोवर माझी सही नाही."

"साहेब म्हणतात, अकरा माणसांसाठी तारीख पुढे जाणार नाही."

"साहेबांना सांगा, एकदा बुडून बघा."

तो हसला नाही. पण जाताना त्याने बाहेरच्या कट्ट्यावरून गार झालेला चहा उचलला आणि एका घोटात प्यायला... जणू शिक्षा म्हणून. तिने ते काचेतून पाहिलं. निदान माणूस शिक्षा भोगतो, तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वेटर घालून आला. भाड्याने आणल्यासारखा दिसत होता, स्वेटरही आणि तोही.

साहेबांनी हुकूम काढला: दोघांनी जुना प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासायचा, आणि बुलडोझरने तपासलेल्या ओळीच्या शेवटी खूण करायची.

"शेवटी म्हणजे नेमकी कुठे?" त्याने विचारलं.

"त्र्याहत्तराव्या रकान्यापासून. एका ओळीत ऐंशी रकाने, एका रकान्यात एक अक्षर. मशीन बहात्तरपर्यंत वाचतं. पुढचे आठ ते बघतसुद्धा नाही."

"मग ठेवलेत कशाला?"

"पडलं तर परत लावता यावं म्हणून."

हे तिला तिच्या आधी मशीन सांभाळणाऱ्या थोरल्या बाईंनी शिकवलं होतं. बाई इथे लागल्या तेव्हा प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून लिहीत. एक ओळ म्हणजे एक कार्ड, एक ट्रे म्हणजे दोन हजार कार्डं. तो ट्रे घेऊन जिना चढायचा. प्रत्येक कार्डाच्या शेवटच्या आठ रकान्यांत फक्त त्याचा क्रमांक असे, कारण जिना होता आणि माणसाला पाय होते.

"बाईंचा ट्रे एकदा खरंच पडला," तिने सांगितलं. "एका माणसाने सगळी कार्डं गोळा करून लावून दिली. बाईंनी त्याच्याशी लग्न केलं."

"व्यवस्थित लावली म्हणून?"

"छे. सगळी उलटी लावली होती. परत लावण्यात तीन दिवस गेले, त्यात ओळख झाली."

त्याने ते फार गंभीरपणे ऐकून घेतलं.

तो पलीकडच्या खोलीत बसायचा, ती मशीनपाशी, आणि दोघांच्या पडद्यांवर एकच प्रोग्रॅम. चौथ्या दिवशी ओळ नऊशे बाराच्या शेवटी खुणेच्या जागी तिला इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं दिसलं: 'चहा घे'.

तिने अक्षरं मोजली. मधे जागा न सोडता बरोबर आठ. काचेपलीकडे तो अत्यंत निरागस चेहऱ्याने टाइप करत होता. ती उठून त्याच्या दारात गेली.

"तुम्ही मला 'घे' म्हणालात."

"'घ्या' लिहून पाहिलं. नऊ अक्षरं होतात. बसत नाही." तो शांतपणे म्हणाला. "आठ रकान्यांत तुम्हाला आदर देता येत नाही, मॅडम. मशीनची मर्यादा आहे."

तिने परत जाऊन पुढच्या ओळीला लिहिलं: 'नको मला'. हेही आठच. लिहिल्यावर उगाच बरं वाटलं.

तिथून ते सुरू झालं. 'का नको'. 'थंड आहे'. 'बाहेर ये'. समोरासमोर दोघं अहो-जाहो करत, नियमांवरून कडाकडा भांडत. आणि त्र्याहत्तराव्या रकान्यापलीकडे, जिथे मशीन बघत नाही, तिथे तू-तू चालायचं. भांडण मात्र खोटं नव्हतं.

"एक परिच्छेद लिहायला कितीसा वेळ लागतो तुम्हाला?" ती विचारायची.

"लिहायला चार दिवस. मंजुरीला चार महिने. मी सुटा माणूस नाहीये हो, कंपनीचा आहे. तारीख चुकली तर पहिला मी जातो."

"जिवंत जाल ना? मग परत याल. आमच्याकडे सोय आहे."

त्याच सुमारास खिडकीशी जहाजावरचा आचारी आला. दोन वर्षांपूर्वी त्याचं जहाज बुडालं, तो कुठल्याशा बेटावर निघाला, घरच्यांनी दाखला काढून ठेवलेला. मेलेल्या माणसाला जहाजावर नोकरी देत नाहीत, म्हणून जिवंत व्हायला आला होता. सोमवारी या, ती म्हणाली. आचारी म्हणाला, येईन, तसाही मी कुठे जाणार.

सोमवार, कारण 'परत-आला' असलेला प्रोग्रॅम दर सोमवारी सकाळी मशीन पहिल्या ओळीपासून नव्याने वाचून समजून घ्यायचं आणि मग दाखले छापायचं. थोरल्या बाईंनीच तसं लावून दिलं होतं. सोमवारी माणसंही सगळं नव्यानेच समजून घेतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या सोमवारी मशीन थांबलं.

नऊला मशीनला जोडलेला दाखल्यांचा छापखाना गप्प. बाहेर रांग लागलेली, रांगेत पहिला आचारी, हातात टोपी. तिने चूक दाखवणारा कागद काढला. ओळ चार हजार चारशे सतरा, 'परत-आला' मधलीच. मशीनने अगदी सभ्यपणे लिहिलं होतं: बहात्तराव्या रकान्यात 'टी' हे अक्षर आहे. याचा अर्थ कळला नाही. म्हणून मी थांबलो आहे.

तिने पुढची अक्षरं वाचली. 'टी' आणि त्यापुढे आठ. मिळून नऊ, एक मावलं नाही ते मागे सरकलेलं.

तू आवडतेस.

खोलीत नेहमीचाच गारठा होता. तिने बाहेरचा स्वेटर काढून खुर्चीवर टाकला.

दहाला साहेबांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. साहेब खुशीत होते. "वर्षभर मी काय सांगतोय? जुनं मशीन, कधीही बसणार. आज बसलं. ही घ्या सही करायची जागा, तीन आठवडे कशाला थांबायचं, आजच बंद करू."

सहीचा कागद तिच्यासमोर होता. चूक दाखवणारा कागद घडी घालून तिच्या मुठीत. तो दाखवला तर मशीन निर्दोष सुटणार आणि काचेपलीकडचा माणूस नोकरीतून जाणार. न दाखवला तर रांगेतला माणूस कायमचा मेलेला. बुलडोझर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. त्याला अजून काहीच माहीत नव्हतं. तो तिच्या पिवळ्या स्वेटरकडे बघत होता, पहिल्यांदाच सबंध दिसला म्हणून.

"मशीन बसलेलं नाही, साहेब," ती म्हणाली. "त्याला एक अक्षर कळलं नाही, म्हणून ते थांबलं. न कळता पुढे जाण्यापेक्षा बरं. आपल्याकडे ती पद्धत कमी आहे."

"कसलं अक्षर? कोणी लिहिलं?"

"ते मी सांगणार नाही."

"मग सही करा."

"तीही करणार नाही." आवाज जरा चढला, तो तिने चढू दिला. "मला काढायचं तर काढा. पण आमच्याकडे परत येणाऱ्याला जिवंत करतात. तुमचा रस्ता एकाच बाजूने जातो. त्यावर माझं नाव मी घालणार नाही, आज नाही आणि तीन आठवड्यांनीही नाही."

"एक अक्षर..." टेबलाच्या टोकाहून आवाज आला. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत होता. "कितव्या रकान्यात?"

तिने मुठीतला कागद आणखी चुरगळला.

"बहात्तर?"

"गप्प बसा तुम्ही," ती म्हणाली.

तो उठला. "मी लिहिलं, साहेब. मशीनचा दोष नाही." त्याने प्रोग्रॅम भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आणला. ओळ चार हजार चारशे सतरा, हातभर मोठ्या अक्षरांत.

साहेब पुढे झुकले. "टी... यू... ए... व्ही... हा कुठला कोड आहे?"

सगळे पडद्याकडे बघू लागले. शेवटी दारातून खोकल्याचा आवाज आला. रांग हलत नाही म्हणून चौकशीला आलेला आचारी टोपी धरून उभा होता. "तू आवडतेस, असं लिहिलंय साहेब," तो म्हणाला. "मॅडमना असावं. मी आपला अंदाज सांगितला."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग आचाऱ्याकडे. "तुम्ही कोण?"

"मी वारलोय," आचारी म्हणाला. "त्याचंच काम होतं."

"आणि साहेब," बुलडोझर म्हणाला, आता त्याला थांबवणं शक्य नव्हतं, "सगळे नियम आले, असा जो अहवाल मी दिलाय, तो चूक आहे. मी परत घेतो. परत येण्याचा रस्ता आमच्यात नाही. तो बांधल्याशिवाय मशीन बंद झालं तर या गृहस्थांना काय सांगायचं, ते तुम्ही सांगा. हे इथेच उभे आहेत."

साहेब आचाऱ्याच्या तोंडावर तो मेला आहे, असं म्हणू शकले नाहीत. माणसाच्या स्वभावात तेवढं बसत नाही. त्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण लावलं-काढलं, आणि सहीचा कागद आपल्याच फायलीत घातला. "रस्ता बांधा," ते म्हणाले. "मग बघू. तारखेचं मी वर कळवतो. आणि ते... ते पडद्यावरून काढा आधी."

मशीनच्या खोलीत ती खुर्चीवर बसली, तो मागे उभा. कप बाहेर ठेवायला तो आज विसरला नव्हता.

"नोकरी जाईल तुमची," ती म्हणाली.

"जाईल बहुतेक. रस्ता बांधून झाला की."

"एवढी साधी गोष्ट. 'तू' गाळलं असतं तर सात अक्षरं. आरामात बसलं असतं."

"मागचा 'स' कापला तर व्याकरण मरतं. आणि 'तू' शिवाय..." तो थांबला. "'तू' शिवाय लिहून काय करू? मग मशीनच आवडतं असं वाटेल."

तिने हसू दाबलं, पण कान लाल झालेले लपले नाहीत. तिने ओळ दुरुस्त केली. खोडली मात्र नाही: 'तू' त्याच ओळीच्या शेवटी, 'आवडतेस' पुढच्या ओळीच्या शेवटी. दोन्ही बहात्तरच्या पलीकडे. मग तिसऱ्या ओळीवर जाऊन त्र्याहत्तराव्या रकान्यापासून तिने काहीतरी टाइप केलं आणि मशीन सुरू केलं. मशीनने पहिल्या ओळीपासून सगळं नव्याने वाचलं, कशालाच हरकत घेतली नाही, आणि छापखाना खडखडू लागला. पहिला दाखला आचाऱ्याचा. स्थिती: जिवंत.

तो पडद्यावर वाकला. 'तू पण'.

"पाचच अक्षरं?" त्याने विचारलं. "तीन रकाने उरलेत अजून."

"राहू दे तुझे तीन रकाने," ती म्हणाली. "पडलो तर लागतील."